गोधडीखालचा लॅपटॉप

आज बायकोनं गोधड्या उन्हात टाकल्या आणि त्या वासानं मला अकोल्याच्या जठारपेठेतली खोली आठवली. त्या दिवशी दुपारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता, नाहीतर आमच्या घरातली पहिली डिग्री हातची जात होती. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली, तिची नुसती अक्षरांची स्क्रीन, तीही जवळजवळ काळी. उजेड वाढवायचं बटण तिथं चालेचना. मी रडकुंडीला आलो.

"काहून रडून राहिला बाप्पा? दिसत नाही ना?" म्हणत गावाहून आलेल्या आईनं भर मे महिन्यात आम्हा दोघांच्या डोक्यावरून गोधडी ओढली. त्या अंधारात पुसट अक्षरं दिसू लागली. मी चाचपडत त्या बटणाला उजेड वाढवायची कमांड जोडली, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली.

"झालं? मंग काढ लवकर, माहा जीव गुदमरून राहिला!"

पदवीच्या फोटोत मी एकटाच आहे. गोधडीखालच्या त्या उजेडातला, घामानं निथळणारा तिचा चेहरा फक्त मीच पाहिलाय.