काकांना सगळी कारणं ठाऊक असतात

दिल्ली आणि आसपासच्या मुलखात जे जे म्हणून बिघडतं, त्याचं कारण फक्त एका माणसाला ठाऊक असतं, आणि दुर्दैवाने तो माणूस माझा चुलत सासरा आहे. काका मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. सदोष भाग हातात घ्यायचा आणि ‘का, का, का’ असं विचारत मागे मागे जाऊन तो कुठल्या मशीनवर, कुणाच्या हातून बिघडला हे शोधायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर भाग मिळेनासे झाले, म्हणून ते माणसांकडे वळले. आमच्याकडे दूध नासलं तर काका पातेल्याची, दूधवाल्याची आणि माझी अशी तिघांची चौकशी करत. माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा सगळे तिची समजूत घालत होते आणि काका तिच्यासमोर खुर्ची ओढून विचारत होते, की बोलणी नेमकी कुठल्या वाक्यानंतर फिसकटली, ते आठव. ती रडायला लागली, तर रडण्याचंही कारण त्यांच्याकडे होतं. आयर्न कमी.

असा माणूस दर रविवारी गुडगावहून मेट्रोने नोएडाला आमच्याकडे जेवायला येतो. आमच्या ओवीला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी काका आले ते मोठं कंत्राट मिळालेल्या माणसाच्या चालीने. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं होतं, की याचं एकच एक असं कारण नसतं, बरंचसं जन्मतःच आलेलं असतं, आणि हल्ली निदान जास्त होतं त्यात ओळखता येऊ लागलं हाही मोठा भाग आहे. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे त्यांना सापडलेलं नाही.”

मग दर रविवारी एक कारण येऊ लागलं. आधी मोबाइल. मग आरओचं पाणी, कारण त्यातून सगळे क्षार निघून जातात. मग गहू, आपल्या लोकांचं पोट ज्वारीचं, ते इकडे पंजाबी गव्हावर आणून सोडलं. त्या आठवड्यात पहाडगंजच्या कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी ज्वारीचं पोतं पाठवलं, आणि त्याला लागलेले किडे आमच्या घरात नंतर बरेच दिवस सुखाने नांदले. मग तीन भाषा: घरात मराठी, कामवाल्या बाईची हिंदी, शाळेची इंग्रजी, पोरीने बोलावं तरी कशात? मग लसी. मग दिल्लीची हवा. परदेशातला कुणी पुढारी टीव्हीवर तापाच्या गोळ्यांबद्दल काही बोलला, तर त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला, की गरोदरपणी तुला ताप आला होता तेव्हा तू काय घेतलं होतंस? कारणं बदलायची, पण त्यांच्या सगळ्या वाटा शेवटी माझ्याच दारात येऊन थांबायच्या. पाणी मी पाजलेलं, गहू मी भरवलेला, मोबाइल मी दिलेला, नोकरी मी न सोडलेली. माझा नवरा “काका, छोडो ना यार” असं पुतण्या आणि नवरा या दोन्ही नात्यांना न शोभणारं काहीतरी पुटपुटायचा आणि पापड भाजायला उठायचा.

हे चालू असताना ओवी तिच्या कामात असायची. ती फारसं बोलत नाही. चमचे, वाट्या, चपला, जे मिळेल ते ओळीने मांडते, आणि मेट्रोतल्या सूचना हुबेहूब तिथल्या निवेदिकेच्या आवाजात म्हणते. एकदा काकांनी तिला नाव विचारलं, तर ती म्हणाली, “दरवाजे बायीं ओर खुलेंगे.” मला हसू आलं. काकांनी मात्र पुढच्या रविवारी मेट्रोच्या कंपनांचा परिणाम हा विषय आणला. तेही मेट्रोनेच आले होते.

इतपत मी सोसलं. पण गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं. मंडळाला कार्यक्रम कमी पडत होता, आणि काकांना माइक कधीच पुरेसा मिळाला नव्हता. मी ओवीला घेऊन बसले होते. स्पीकरच्या आवाजाने तिने कान दाबून धरले होते. काका म्हणाले, “आमच्या लहानपणी मिरजेला आमच्या गल्लीत असं एकही मूल नव्हतं. एकही नाही. मग आत्ताच कुठून आली? आई ऑफिसात, मूल स्क्रीनवर. रूट कॉज शोधा.” टाळ्या पडल्या. पुढच्या बायकांनी माना वळवून ओवीकडे पाहिलं आणि मग, जरा जास्त वेळ, माझ्याकडे. एका तरुण डॉक्टरने उठून विचारलं, की तुमच्या कारखान्यात तपासणारा नव्हता तेव्हा मालात दोष नव्हते का? काका म्हणाले, तो मुद्दा वेगळा. माझ्या मुलीला दोघांनीही बेअरिंगच्या रांगेत बसवलं होतं, पण निदान त्यातला एक आमच्या बाजूने होता. घरी येताना मी नवऱ्याला सांगितलं, की या माणसाला आता माझ्या घरी जेवायला वाढणार नाही.

ते झालं नाही, कारण थंडीच्या आधी मिरजेहून आक्का आल्या. आक्का म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. रविवारी काका त्यांना घेऊन आमच्याकडे आले आणि बसल्या बसल्या आक्कांना नवं कारण सांगू लागले. आक्कांचं लक्ष नव्हतं. त्या जमिनीवर वाट्या मांडत बसलेल्या ओवीकडे बघत होत्या. एक वाटी ओळीतून जराशी सरकली होती, ती त्यांनी वाकून बोटाने जागेवर लावली. ओवीने त्यांच्याकडे पाहिलं. ती असं सहसा कुणाकडे बघत नाही.

“अरे,” आक्का म्हणाल्या, “ही अगदी आपल्या वसंतासारखी.”

काका बोलता बोलता थांबले. वसंता कोण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या सासऱ्यांनीही ते नाव जन्मात कधी काढलं नव्हतं. मग आक्कांनीच सांगितलं. वसंता हा मधला भाऊ. बोलत नसे. पाट आणि वाट्या मांडत बसे, आणि वरातीचा बँड आला की पोत्यांमागे शिरे. बहिणींची लग्नं अडू नयेत म्हणून पाहुणे आले की त्याला परसातल्या खोलीत ठेवत. विशीही न गाठता तापाने गेला.

“गल्लीत एकही नव्हता म्हणतोस ते खरंच आहे,” आक्का म्हणाल्या. “आपण त्याला गल्लीत जाऊच दिलं नाही.”

काका म्हणाले, “मी लहान होतो.”

“होतास ना. पण तो तुझंच ऐकायचा. कडी लावायला तुलाच पाठवायचे.” आक्कांच्या आवाजात राग नव्हता. “आणि आई मरेपर्यंत म्हणायची, माझंच काहीतरी चुकलं असणार.”

मी इतके महिने मनातल्या मनात काकांना सुनवायची वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. त्या वेळी एकही काढावंसं वाटलं नाही. आम्ही जेवलो. नेहमी दोनदा आमटी घेणाऱ्या काकांनी ती पुन्हा मागितली नाही.

यानंतर ते साधुसंत झाले असं नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा, पंपाचा आणि सेक्रेटरीच्या स्वभावाचा त्यांचा तपास जोरात चालू आहे. पण ओवीबद्दल ते कारण आणत नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ऑटिझमचं नवीन काही कारण टाकून त्यांचं मत विचारलं, तर त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ असं लिहिलं, आणि काकांची तब्येत बरी आहे ना, असे आम्हाला फोन आले. आता ते आले की सोफ्याला धरून, गुडघ्यांना शिव्या देत खाली बसतात आणि ओवी हाती देईल ती वाटी धरून ठेवतात. ओवी ती पुन्हा काढून घेते आणि लावते. यात त्यांचा एक तास जातो.

गेल्या रविवारी मी ओवीसाठी दहीभात कालवत होते. ती एवढंच आवडीने खाते. काका बघत होते. मग त्यांनी आक्कांना स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, “वसंताला काय आवडायचं गं खायला?”

 आक्का म्हणाल्या, की मला नाही रे आठवत. ते आईलाच ठाऊक होतं.