उत्तरेच्या बांधाची नोंद

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं तडजोडीचा पंच झालो. लोकांचे वाद कोर्टात न नेता मिटवायचे आणि ठरलेलं ब्लॉकचेन नावाच्या संगणकी नोंदवहीत नोंदवायचं, अशी ती प्रायोगिक योजना होती. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण झालं. योजना चालवणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले, "एकदा नोंद झाली की ती ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही."

मी विचारलं, "आणि नोंदच चुकली तर?"

"सर, चूक माणूस करतो, सिस्टीम नाही."

जणू त्या सिस्टीममध्ये मजकूर देव येऊन भरणार होता! सगळे हसले. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते.

माझ्याकडे पहिला वाद आला तो सायखेड्याचा. एका विधवा बाईंच्या शेताची वाट त्यांच्या दिरानं तारा ठोकून अडवली होती. तीन बैठकांनंतर दीर नमला. त्याच्या उत्तरेच्या बांधावरून ट्रॅक्टरपुरती वाट द्यायचं ठरलं. कंपनीच्या माणसानं टॅबवर मजकूर भरला, तिघांच्या मोबाइलवर ओटीपी आले, ते आम्ही सांगून टाकले. जन्मभर मुलांना 'पेपर पुन्हा वाचा' म्हणून दटावणाऱ्या मी एकही ओळ वाचली नाही.

आठवड्यानं बाई प्रमाणपत्र घेऊन घरी आल्या. "गुरुजी, उत्तर ठरली ना? इथं दक्षिण लिव्हलंय. दक्षिणंला तर ओढा हाय."

मी साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "नोंद बदलत नाही, हीच तर तिची ताकद आहे, सर. दुरुस्तीची नवी नोंद जोडता येईल, पण दोघांची संमती लागेल."

दीर कसली संमती देतोय! "मशीनमधी हाय तेच खरं," तो म्हणाला. "जा म्हणावं ओढ्यातून."

पुढच्या महिन्यात कंपनीनं समारंभ ठेवला. यशस्वी तडजोड म्हणून पडद्यावर आमचाच वाद झळकला. मला शाल घालायला बोलावलं तेव्हा मी माइकवर सांगितलं, "या बाई अजून खताच्या गोण्या डोक्यावरून ओढ्यातून नेतात." साहेब हसून म्हणाले, "सर फार विनोदी आहेत," आणि टाळ्या पडल्या. सुटाबुटातली इतकी माणसं, पण ओढा किती खोल आहे, हे एकानंही विचारलं नाही. शाल खुर्चीवर टाकून मी निघून आलो.

मग साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं, खरं काय ठरलं होतं ते लिहिलं, चूक माझीही आहे हेही लिहिलं, आणि बाईंबरोबर तहसील कचेरीत गेलो. चार-पाच खेपांनंतर नायब तहसीलदार पाहणीला आले. बांधावर उभं राहून त्यांनी दिराला एवढंच म्हटलं, "ओढ्यातून ट्रॅक्टर काढून दाखव बरं."



वाट मोकळी करायचा हुकूम निघाला. तारा काढल्या त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा दिला, दिरालाही. माझ्याशी मात्र त्या फारशा बोलल्या नाहीत. त्यांचं काहीच चुकलं नाही.