फिरत्या पट्ट्यावरची भाकर

खामगावच्या सलीमभाईंनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. माझा भरवसा नाही. घाबरलो की सगळं विसरतो.

पुण्यातल्या एका जपानी फूड हॉलमध्ये आम्ही दोघं कामाला. ते समोर भाताचे रोल वळायचे, मी मागे बशा घासायचो. (नववीत शाळा सोडली, म्हणून बशांचा अभ्यास पक्का!) समोर लांबलचक फिरता पट्टा. संध्याकाळी मित्रमंडळी यायची आणि पुढ्यातून जाणारी बशी उचलायची. त्या शनिवारी माझे नोकरीचे कच्चे तीन महिने संपत होते. एक चूक, की थेट गावी, जानेफळला. आणि नेमकी त्याच संध्याकाळी गावाहून माय आली.

"माय, इथं बस. कशाले हात लावू नको."

"काऊन बे? मी का चोर आहो?"

सलीमभाईंनी तिच्यापुढे एक रोल ठेवला.

"थंडा भात? अन् हे लोकं हौसेनं खातेत?" तिला सगळ्यांची खरीच कीव आली.

मी आत गेलो. माझी चूक एवढीच. (बाकीच्या मायच्या!) आमच्याकडे चार माणसांत बसून घरचं एकट्यानं खात नाहीत. मायनं फडकं सोडलं, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे केले, वर हिरव्या ठेच्याचा गोळा, आणि काउंटरवरच्या रिकाम्या बशांत घालून दिले पट्ट्यावर सोडून! वर आग्रह, "घ्या हो, लाजू नोका!"

पट्ट्याशी बसलेल्या चार मित्रांतल्या एकाला वाटलं, ही तिथलीच जपानी चटणी. अख्खा गोळा तोंडात! तो रडतोय, टेबल बडवतोय, दोस्त व्हिडिओ काढतायत, आणि माय ओरडतेय, "गूळ द्या त्याले, गूळ!"

मॅनेजर धावत आले. "हे पट्ट्यावर कोणी ठेवलं?"

मी दारात, कोपरापर्यंत फेस. माय हात वर करणार, तोच सलीमभाई तिच्यापुढे आले.

"म्या ठेवलं साहेब. गावाची याद आली."

मी गप्प. एक शब्द नाही! गप्प बसण्यात मी वर्गातही पहिलाच होतो.

माझी नोकरी पक्की झाली. सलीमभाई आता आत, माझ्या शेजारी बशा घासतात. मी माफी मागू लागलो की म्हणतात, "हात चालव बे! अन् मायले सांग, ठेचा पाठव."

सलीमभाई, मी रोज साहेबांच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. तोवर तुमच्या वाटच्या निम्म्या बशाही मीच घासतो. काल त्यातल्या तीन फोडल्या, त्याही तुम्ही आपल्या अंगावर घेतल्या. एक दिवस खरं सांगून तुमची समोरची जागा तुम्हाला परत मिळवून देईन, शब्द आहे माझा.

बशांचंही तेव्हाच सांगतो.