आत्याचा चुडा

शुक्रवार पेठेत बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर एकच, आमचं. मूर्तीला हात जोडत नसू आणि शनिवारी चूल पेटवत नसू, एवढं सोडलं तर आम्ही गल्लीतल्या इतरांसारखेच. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, हातात काचेच्या बांगड्या. यातलं धर्माचं किती आणि शेजाऱ्यांचं किती, हे बाबा जाईपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं.

मी तेव्हा अकरावीत होते. बाबा गिरणीत काम करता करताच कोसळले. पुढच्या खोलीत ते चादरीखाली होते, आणि मोहोळहून आलेल्या आत्यानं स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

"वन्सं, नको," आई म्हणाली. "बांगड्या त्यांच्या आवडीच्या आहेत."

आत्यानं तिचा डावा हात उंबऱ्यावर दाबला आणि घाव घातला. काच मनगटात घुसली. दुसरा घाव बोटांवर बसला. आई गुरासारखी ओरडली. उंबऱ्यावर रक्त सांडलं.

प्रार्थना म्हणायला आलेले आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ धावले. "मेलेल्यासाठी अंगाला जखम करायची नाही, आपल्या धर्मग्रंथात, तोरात लिहिलंय. फाडायचा असतो तो कपडा."

"माझ्या आईच्या फोडल्या तवा कुटं गेली हुती तुमची तोरा?" आत्या म्हणाली. "रांडव बाई हिरव्या बांगड्या घालून फिरली तर लोक तोंडात शेण घालतील की."

तिनं आईचा उजवा हात धरला. तेवढ्यात आईनं वरवंटा हिसकावला, आत्याचाच हात उंबऱ्यावर दाबला आणि तिचा चुडा फोडला. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जिवंत, दारातच उभे. भाऊ गेल्याचं कळल्यावर रडली नव्हती तेवढी आत्या आता रडू लागली. मामांनी आईच्या कानाखाली वाजवली. मी त्यांच्या दंडाला चावले, कातडं तुटेपर्यंत. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

म्हातारे मध्ये पडले. आत्याला म्हणाले, "काच फुटून कुणाचा नवरा मरत नाही, बाई." तिला ते पटलं नाही. आईनं पदराचा काठ दातात धरून टर्रकन फाडला. धर्मानं सांगितलेलं तेवढंच होतं, ते तिचं तिनं केलं.

बाबांना उचललं तेव्हा त्यांची सख्खी बहीण चौकातल्या कासारापुढे हात करून बसली होती. आई दारात उभी राहिली. गल्लीतल्या बायका तिच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. तिनं तो पदराखाली घेतला नाही.