बिनकोपऱ्याची पास्टी

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या घरापासून थोडं वर गेलं की टेकड्या लागतात आणि त्या आतून पोखरलेल्या आहेत. लोखंडाच्या खाणी. आता बंद, तोंडाशी जाळ्या ठोकलेल्या. इथे निम्मं आयुष्य काढूनही मला याचा पत्ता नव्हता. सांगितलं ते शेजारच्या मावशींनी. मावशी गोऱ्या, पंचाऐंशी पार केलेल्या आणि तोंडाने फटकळ. घरात आम्ही नवरा-बायको त्यांना मावशीच म्हणतो, त्यांना ते ठाऊक नाही.

त्यांचे पणजोबा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल कौंटीचे. तिथल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा धंदा बसला, तेव्हा इथल्या लोखंडासाठी बोटीत बसले. तुम्ही कुठल्या, असं विचारलं तर मावशी आजही ठसक्यात "कॉर्नवॉल" म्हणतात. एकदाही गेलेल्या नाहीत. मला त्यांचा हेवा वाटतो, कारण माझी नातवंडं साताऱ्याचं नाव काढत नाहीत.

खाणी गेल्या, पास्टी राहिली. जाड पारीत बटाटा, कांदा, सलगम आणि मांस भरायचं, पारी अर्धगोल दुमडायची, कडेला मुरड घालायची आणि भाजायची. थोडक्यात, तळहाताहून मोठी तिखटमिठाची करंजी. खाणीत उतरणाऱ्याचा हा डबा. खाली हात धुवायला पाणी कुठलं? म्हणून मळक्या बोटांनी मुरड धरायची, बाकीचं खायचं आणि मुरड टाकून द्यायची. एका कोपऱ्यावर कणकेचं अक्षर चिकटवलेलं असायचं, नावाचं पहिलं. अर्धी खाऊन बाजूला ठेवली तरी कुणाची ते कळायला हवं ना.

मावशींच्या चर्चमध्ये दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे अशा पास्ट्या करतात आणि सगळं गाव विकत नेतं. मी निवृत्त झाल्यापासून मावशींना गाडीतून नेते आणि तिथेच राबते. पहिल्या वर्षी मी सांगून टाकलं की मांसाला हात लावणार नाही. कुणाला काही वाटलं नाही, बटाट्याचं एक टेबल वेगळं मांडलं. मावशी आपलं जुनं टेबल सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझी मुरड त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि पुढची लाटी माझ्याकडे सरकवली. माझ्या मुरडीचा मला गर्व आहे, लपवत नाही. कातणाने कापलेल्या करंजीला मी करंजी मानत नाही. मावशींचंही मत तेच निघालं, त्यामुळे आमच्या दोघींत तेव्हापासून चुरस होती.

गेल्या वर्षापासून मात्र मावशींचे हात कापायला लागले आणि यंदा ते वाढलं. उन्हाळ्यात त्यांनी मला चहा दिला, तो निम्मा बशीत आला. मी पॅथॉलॉजिस्ट होते, हा कंप कमी होणारा नाही हे मला दिसत होतं. चर्चच्या मंडळींनी प्रेमानेच सुचवलं की या वेळी तुम्ही दाराशी बसा, लोकांना बॉक्स द्या. मावशी तरातरा आमच्या दारात आल्या.

"मला न्यायला येऊ नकोस. टेबलावर जागा नसेल तर मला यायचं नाही."

मला चर्चचा भयंकर राग आला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांचंही बरोबर आहे यार. मावशींच्या पास्ट्या ओव्हनमध्ये ओपन होतात, सगळं फिलिंग बाहेर. लास्ट इयर दोन मीच खाल्ल्या."

"तू काय, कशाही खातोस," मी म्हटलं.

पण तो खोटं बोलत नव्हता. तरी पास्ट्यांच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. मावशी बाहेर आल्या त्या एप्रन बांधूनच. मला हसू आलं, पण आवरलं.

चर्चमध्ये मी त्यांना सरळ आमच्या टेबलाशी बसवलं. मी लाटत होते, त्या मुरड घालत होत्या. पहिली उघडली. दुसरीला मध्येच खिंड पडली. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली नाही, तशीच खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मला ते बघवेना. मी तोंडाला येईल ते बडबडत सुटले आणि हात आपले चालतच राहिले. त्या भरात पहिल्या खेपेच्या शेवटच्या पारीत सारण भरलं, कडा गोळा केल्या आणि वर चिमटा काढला. झाला मोदक.

"हे काय?" मावशी म्हणाल्या. "याला कोपरा कुठाय? धरायचं कुठे? अक्षर कुठे लावायचं?"

मला ओशाळल्यासारखं झालं. आमच्या घरी करंज्या केल्या की शेवटी एक मोदक करायचाच. करंजी एकटी ठेवायची नाही, तिला भाऊ हवा. आई करायची, मी करते, त्याला विचार लागत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मोदक केले तर त्यांत एक करंजी करतात, हेही सांगितलं.

मावशी मोदकाकडे बघत राहिल्या. "मी पाच भावांत एकटी," त्या म्हणाल्या. "बाबा आणि भाऊ खाणीत जायचे. आई रोज सगळ्यांच्या पास्ट्या करायची, प्रत्येकाचं अक्षर घालून. मी घरात, मला ताटात वाढायची. माझ्या अक्षराची कधी केली नाही."

मग म्हणाल्या, "दाखव कसं करतात."

बोटं कापतच होती. कळ्या वेड्यावाकड्या आल्या, एक तर दोन वेळा दुमडली गेली. पण मोदकाला कडेने नेमकं जुळवत जायचं नसतं. सगळं वर आणायचं आणि दोन्ही हातांनी आवळायचं. ते त्यांना जमलं. कोपरा नव्हताच, म्हणून कणकेची दोरी वळून त्यांनी आपलं अक्षर थेट मोदकाच्या पोटावर चिकटवलं. मोदक बाहेर निघेपर्यंत त्या ओव्हनसमोरून हलल्या नाहीत. उघडला नाही. मग त्यांनी चर्चच्या मंडळींना बोलावून दाखवला आणि पुढच्या वर्षी दाराशी बसायला दुसरं कुणी शोधा, असं सुनावलं.

परतताना मोदक त्यांच्या मांडीवर होता, अजून गरम. अर्ध्या रस्त्यात त्यांनी तो दोन्ही हातांत धरून खायला सुरुवात केली. मी विचारलं, "धरलेला भाग कुठे टाकणार? पिशवी देऊ?"

"माझे हात स्वच्छ आहेत," मावशी म्हणाल्या आणि अक्षरासकट सगळा खाल्ला.