लोखंड हलकं भरलं

कॉलेजात नव्याने आलेल्या पोरांना वाटायचं, सरांचं आडनावच खड्डे आहे. एकाने तर रजेच्या अर्जावर 'माननीय खड्डे सर' असं लिहून दिलं होतं आणि सरांनी त्यावर मुकाट्याने सही केली होती. मी विचारलं, "सर, तुम्ही दुरुस्त का नाही केलं?" तर म्हणाले, "काऊन करू, बाई? दिवसभर खड्डेच मोजून राह्यलो ना मी."

ते खड्डे प्लास्टिकमधले होते. चष्म्याच्या भिंगांना वापरतात तसल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांची चळत एका डब्यात भरून अवकाशयानातून पाठवली होती. ती काही दिवस पृथ्वीभोवती फिरून परत आली. सर लग्नाआधी मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत काम करत, तिथल्या लोकांनी त्यातल्या थोड्या पट्ट्या त्यांना मोजायला दिल्या होत्या. वडिलांना लकवा झाला म्हणून सरांना मुंबई सोडून गावी, डोणगावला यावं लागलं होतं; तिथून ते एसटीने कॉलेजला येत. राहिलेली पीएच.डी. या पट्ट्यांवर पुरी होईल, अशी सोय कुणा भल्या माणसाने करून दिली होती.

सर पदार्थविज्ञानाचे आणि मी प्राणिशास्त्राची. आमची ओळख झाली ती सूक्ष्मदर्शकामुळे. त्यांच्या विभागात धड एकही नव्हता, माझ्याकडे एक चांगला होता. तो मागायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. "बाई, दुपारनंतर तुमचे बेडूक झोपत असतील तर मले द्याल का?" मी हसले आणि देऊन टाकला. तेव्हापासून रोज दुपारी ते माझ्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक डोळा मिटून बसलेले असत. पुढेपुढे तर ते चहा पितानाही डावा डोळा मिटू लागले.

एकदा त्यांनी मलाही पाहायला लावलं. भिंगाखाली काचेसारखं स्वच्छ मैदान आणि त्यात एक लांबट, काळ्या कडेचा खड्डा. "हे लोखंड हाये," ते हळूच म्हणाले. "लोखंडाच्या अणूचा गाभा. कुठंतरी एखादा तारा फुटला, तिथून निघाला. लाखो वर्षं चालून राह्यला होता बिचारा. इथं येऊन थांबला." वजनदार कण आरपार जाताना प्लास्टिक आतून दुखावतं. तो घाव डोळ्यांना दिसत नाही. पट्टी गरम कॉस्टिक सोड्यात सहा तास ठेवली की तेवढीच जागा कुरतडली जाते आणि खड्डा उघडा पडतो. खड्ड्याच्या मापावरून कण कोणता ते कळतं. मात्र ते सहा तास सोडा सत्तर अंशांवरच राहायला हवा; थंड झाला तर खड्डा लहान राहतो आणि कण हलका भासतो. सर दर अर्ध्या तासाला तपमान वहीत लिहीत.

एका रविवारी थंडीत विजेच्या शेगडीवर असंच पातेलं चढवलेलं होतं. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. दुपारी डोणगावहून निरोप आला, वडील खाटेवरून पडले. सर उठले, परत बसले. "बाई, तीन तास राह्यले आता. फक्त आकडा लिहायचा. जमंल का?" मी हो म्हटलं. ते एसटीसाठी जवळजवळ पळतच गेले.

मी पहिला आकडा बरोबर लिहिला. मग पेपरांवरच माझं डोकं टेकलं. जाग आली तेव्हा तपमापीवर पंचावन्न होते. वीज गेली होती. थंडीत पंखा बंदच, त्यामुळे ती कधी गेली ते मला कळलंच नाही. थोड्या वेळाने वीज आली, पारा चढला. वहीत चार रकाने रिकामे होते. मी नोकरीला नवी होते. चारही रकान्यांत मी सत्तर लिहिले.

सरांनी त्या पट्ट्या मोजायला घेतल्या. महिनाभराने म्हणाले, "या घाण्याचं लोखंड हलकं भरून राह्यलं, बाई." त्यांना वाटलं, आपलीच नजर गेली. बुलढाण्याला जाऊन चष्मा बदलून आले आणि सगळ्या पट्ट्या पहिल्यापासून मोजल्या. लोखंड हलकंच. परत मोजल्या. वर्ग, डोणगावची एसटी, वडिलांचं हागणंमुतणं आणि दुपारी हे. त्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. आठ महिने मी ते बघत होते आणि गप्प होते.

एका दुपारी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डोळ्यानं दगा देल्ला. मुंबईले कळवून टाकतो, माझ्याच्यानं होत नाही." तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग वही ओढून म्हणाले, "वीज किती वाजता गेली?"

"मला झोप लागली होती. दोनच्या सुमाराला असेल..."

"अंदाज नोका सांगू. माहीत नसंल तर माहीत नाही म्हणा."

"माहीत नाही."

त्यांनी माझे चारही सत्तर एकेका रेघेने खोडले. "सोडा थंड झाला, ते चाललं असतं," ते म्हणाले. "किती वेळ थंड होता एवढं समजलं असतं तर वजा करता आलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुंबईला पत्र गेलं. सरांनी लिहिलं होतं, 'देखरेखीत माझ्याकडून कसूर झाली, तपमानाच्या नोंदी भरवशाच्या नाहीत.' मी म्हटलं, माझं नाव घाला. "पट्ट्या माझ्या नावावर आल्या होत्या," एवढंच ते बोलले. उत्तर सभ्य होतं: त्या पट्ट्या बाद, उरलेल्या परत पाठवाव्यात. सरांनी एकेक पट्टी कापसात गुंडाळून डबा बांधला. सूक्ष्मदर्शक पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवला. पीएच.डी.चं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि माझ्याशी बोलणंही कमी केलं नाही. तेच मला जास्त जड गेलं.

सर निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. मी डोणगावला भेटायला गेले. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाकीच्या बायका उठून गेल्यावर मी त्यांचा हात धरला. "वहिनी, सरांची डिग्री माझ्यामुळे राहिली. त्या दिवशी वहीत मी..."

"मले माहीत हाये, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी त्यायले सांगतलं, त्याच सांजेले त्यायनं मले सांगतलं होतं. म्हणे, बाई पेपर तपासून थकल्या होत्या, डोळा लागला त्यायचा. म्हणे, तू कधी त्यायच्यापुढं हे काढू नोको."

दर संक्रांतीला याच ओसरीवर त्यांनी मला हळदीकुंकू लावलं होतं. मी खाली मान घालून बसले.

"मी नाही काढलं," वहिनी म्हणाल्या. "पण इतके वर्सं वाट पाहून राह्यली होती, का बाई एखाद्या रोजी मले सोताहून सांगतीन. ते असताना सांगतलं असतं तर त्यायलेही बरं वाटलं असतं."