एच अक्षराची बावीस पानं

व्हर्नीस लॅशली सुरीच्या दोन फटक्यांत उडत्या माशाचा सगळा काटा उपसून ठेवी. बार्बाडोसच्या त्या मासळीबाजारात असा हात दुसरीला नव्हता. अक्षरांचंही तेच. स्क्रॅबलची कुठलीही सात अक्षरं तिच्यापुढं टाका, ती त्यातनं इंग्रजी शब्द असे बाहेर काढी, की बघणाऱ्याला वाटावं बाईनं ते आधीच आत भरून ठेवले होते. शब्दाच्या अर्थाशी तिला देणंघेणं नव्हतं. माशाला नाव-गाव इचारून कुणी काटा काढतं व्हय, असं ती म्हणे.

रविवारी जेवणं उरकली, की सिल्व्हनच्या रमच्या दुकानापुढं नीरफणसाखाली डाव मांडला जाई. टेबलाचा एक पाय तोकडा, त्यामुळं कुणी जोरात शिंकलं तरी अक्षरं सरकत. शब्दावर शंका आली तर डिक्शनरी उघडायची. सापडला तर शंका घेणाऱ्याची पाळी बाद. नाही सापडला तर शब्द उचलायचा, मांडणाऱ्याची पाळी बाद. ती डिक्शनरी एकोणीस वर्षं व्हर्नीसच्या फ्रिजवर, पावाच्या पिशवीत, गाठ मारून ठेवलेली.

पुस्तक दुकानातनं तिच्याकडं आलं ते एका वादळानंतर. त्या वादळात दुकानाचं छप्पर समुद्रात गेलं, अन् पुस्तकातली एच अक्षराची बावीस पानं गेली. नेमकी मधली अन् शेवटची. इंग्रजीतलं घर त्याच पानांत, घोडा त्याच पानांत. मध, आशा, स्वर्ग, नरक, सगळं वाहून गेलं. पुढच्याच रविवारी कुणीतरी घोडा मांडला, समोरच्यानं खोडसाळपणे शंका काढली, आणि व्हर्नीसनं पुस्तक उघडून निकाल दिला: पुस्तकात न्हाई म्हंजे न्हाई. खरा घोडा दहा पावलांवर बांधलेला होता, शेपटीनं माशा हाकत होता. पण टेबलावर त्याला जागा उरली नाही ती नाहीच.

गावाला त्याची सवय झाली. नवरासुद्धा त्याच पानांत गेला, हे कुणी ध्यानात आणून दिलं, तेव्हा व्हर्नीस म्हणाली होती, "माझ्या घरातनं तो आधीच गेलाय. आता पुस्तकातनं गेला तर कुणाचं काय बिघडलं?" तिचा नवरा कॅनडाला सफरचंदं तोडायला गेला होता, हंगामापुरता. तो हंगाम अजून संपायचा होता.

पुस्तक जिच्याकडं, निकाल तिचा. हळूहळू क्रिकेटची भांडणं, कुणाची बकरी कुणाच्या रताळ्यांत शिरली, असले तंटेही तिच्याच दारात येऊ लागले. सकाळभर मासळीचे खवले अंगावर वागवणारी बाई दुपारी न्यायाधीश होई. हे तिला फार आवडे.

मग डार्नली यीअरवूड मास्तर शहरातली नोकरी संपवून गावी परतले. येताना नवी कोरी डिक्शनरी घेऊन आले, वर चकचकीत कव्हर. पहिल्याच रविवारी त्यांनी घर मांडलं आणि पाळी घालवून बसले. मास्तर तांबडेलाल झाले. जे शब्द देवानं आणि शाळाखात्यानं मान्य केलेत ते नाकारणारी ही कोण, असं त्यांनी दुकानभर ऐकवलं. निम्मं गाव त्यांच्या बाजूला झुकलं. शेवटी ठरलं ते असं: एकच डाव, जुन्याच पुस्तकावर. मास्तर जिंकले तर नवी डिक्शनरी लागू, आणि ती राहणार मास्तरांच्या घरी. म्हणजे निकालही तिथंच.



रविवारी सगळं गाव झाडाखाली. मास्तर चांगले खेळले, हे कबूल केलं पाहिजे. अक्षरांची पिशवी रिकामी झाली तेव्हा ते एकेचाळीस गुणांनी पुढं होते. त्यांच्या हातात दोनच अक्षरं, आणि ती कुठं लावायची हेही त्यांनी हेरून ठेवलेलं. व्हर्नीसपुढं सात. तिनं ती उलटीसुलटी केली, बोटांनी मासा चाचपावा तशी. त्यात वाळू निघत होती, हात निघत होता, सूर्य होता, पाव होता. सगळे बारके मासे. एकेचाळीस गुणांना काय पुरणार?

मग तिची बोटं थांबली. सातच्या सात अक्षरांचा एकच शब्द होता. पटावर एक एस मोकळा पडला होता, त्याच्या आधी तो बरोबर बसत होता. सगळी अक्षरं एका दमात लावली की वर पन्नास गुण, अन् पिशवी रिकामी, म्हणजे डावही तिथंच संपणार. पण तो शब्द होता नवरा. एस लागला म्हणजे नवरे. आणि तो तिच्याच पुस्तकात नव्हता.

तिनं एकेक अक्षर ठेवलं. टेबल हलू नये म्हणून सावकाश. ठेवून झाल्यावर हात मांडीवर घेतले.

सिल्व्हननं डोळे मिटले. गर्दीतनं कुणीतरी हळूच म्हणालं, बाईची मती फिरली. मास्तरांनी पटाकडं पाहिलं, आणि त्यांचं तोंड शंका म्हणायला उघडलंसुद्धा.

"म्हणा की, मास्तर," व्हर्नीस म्हणाली. "शंका म्हणा. पुस्तक हाय हितंच. उघडते, न्हाई सापडत, मी उचलते. डाव तुमचा. फकस्त चारचौघांत एवढं म्हणा, की नवरा असा शब्दच इंग्रजीत न्हाई."

मास्तरांचं तोंड मिटलं. त्यांनी आपल्या बायकोकडं पाहिलं. ती पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, उत्तराची वाट बघत उभी होती.



"शंका नाही," मास्तर म्हणाले.

व्हर्नीस जिंकली. जुनं पुस्तक फ्रिजवर परत जाणार, हे पक्कं झालं. पण तिनं ते लगेच पिशवीत घातलं नाही. सिल्व्हनकडनं बॉलपेन मागून घेतला आणि मागच्या कव्हरच्या आतल्या कोऱ्या बाजूला तो शब्द लिहिला. मांडणाऱ्यानं मांडला, समोरच्यानं शंका न घेता सोडला, तर तो इथं चढणार, असा नवा कायदा तिनं जागीच करून टाकला.

मास्तर वाकून बघत होते. शब्दापुढं अर्थही लिहायचा असतो, असं त्यांच्यातल्या मास्तरानं सुचवलं.

"तपास चालू हाय," व्हर्नीस म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

लिहितोच आहोत तर घरही लिहून टाकावं, अशी त्यांनी जाता जाता विनवणी केली. तिनं नकार दिला नाही. फुडल्या रविवारी मांडून दाखवा, म्हणाली. नव्या डिक्शनरीचीही तिनं सोय लावली. ती टेबलाच्या तोकड्या पायाखाली अगदी मापात बसली, आणि तेव्हापासून त्या टेबलावर कुणी कितीही शिंकलं तरी एक अक्षर हलत नाही.